हाड, छू आणि बेस!

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी हसलो. कारण माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'शिट्टी'तली पहिली वेलांटी कुठली हे मला अजून रूममेटला विचारावं लागतं. तो कोल्हापूरचा. त्यालाही नक्की माहीत नसतं, पण सांगतो मात्र एकदम ठामपणे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला ही विनंती.

विषय कुत्र्याचा आहे. आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये कुत्रं कुठून आलं? तर ते ऑलरेडी आलेलंच आहे. रात्री पावणेनऊला मेसच्या दाराशी जाऊन बघा. मॅगी, तिची दोन पिल्लं आणि तो एक कान तुटलेला पांढरा, असे सगळे आपल्या आधी हजर असतात. सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बसस्टँड अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला, तेव्हापासून नोटीस बोर्डवर 'मेससमोर कुत्र्यांना खाऊ घालू नये' असा कागद लागलाय. कागद लागला, कुत्री काही हलली नाहीत. ती का हलत नाहीत याचं उत्तर मला मिळालं ते इथे नाही, गावी मिळालं. तेही स्वतः एक मोठी चूक केल्यावर.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. कराडहून चिपळूणची एसटी धरायची, पाटण गेलं की कोयनानगरच्या अलीकडे उतरायचं. खाली कोयना, वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या, आणि मधल्या पट्ट्यात ऊस, भात आणि आमचं घर. मागचा डोंगर चढत गेला की पुढे सगळं कोयना अभयारण्याचं रान लागतं. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाचं माहीत नाही, पण बिबट्या आमच्याकडे नवीन नाही. उसात राहतो, ओढ्याने येतो-जातो. आणि त्याला कुत्रं आवडतं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के! शेळ्या-मेंढ्या मागे राहिल्या.

आमचा मोत्या असाच गेला. मी बारावीला होतो. संध्याकाळी ओढ्याच्या बाजूला भुंकत गेला, आज्जी हाका मारत राहिली, तो आला नाही. सकाळी नुसता पट्टा सापडला. त्यानंतर आबांनी (म्हणजे माझे आजोबा) खंड्याला आणला. तपकिरी, लांब पायाचा, शेपटीला पांढरा गोंडा. आणि मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ठरवलं की याला एक गोष्ट शिकवायची. बोलावलं की यायचं. बाकी 'शेक हँड' वगैरे नंतर बघू.

आता माझी पद्धत ऐका. खंड्या उसाकडे पळाला की मी ओरडायचो, "खंड्या, कम हिअर!" (कॉन्व्हेंट!). तो ढिम्म. मग "खंड्याऽऽ". तो बांधावर उभा राहून माझ्याकडे बघायचा आणि परत पळायचा. पाचव्या-सहाव्या हाकेला, कधी पंधरा मिनिटांनी, शेपूट खाली घालून यायचा. आला की मी त्याच्या पाठीत एक चप्पल घालायचो. उशिरा आल्याबद्दल. आठवड्याभरात तो लवकर यायला लागेल असा माझा अंदाज होता.

आठवड्याभरात तो यायचाच बंद झाला.

आबा ओसरीवर बसून हे सगळं बघत होते. ते चौथी शिकलेत. एक दिवस म्हणाले, "आरं, त्यो आला की तू हाणतुयास. मग कशाला यील त्यो?"

मी म्हटलं, "आबा, मी त्याला पळाल्याबद्दल मारतोय."

"ते तुला ठावं. त्याला कुठं ठावं?"

मित्रांनो, दोन सेमिस्टर शिकून जे मला समजलं नव्हतं ते या एका वाक्यात होतं. पळणं ही क्रिया झाली पावणेसातला. चप्पल पडली सात वाजता. मधल्या पंधरा मिनिटांत कुत्र्याने हाक ऐकली, विचार बदलला, बांध ओलांडला, माझ्याजवळ आला, शेपूट हलवलं. आणि चप्पल बरोबर या शेवटच्या गोष्टीला चिकटली. मी त्याला पद्धतशीरपणे, रोज, न चुकता शिकवत होतो की माझ्याजवळ येणं धोक्याचं आहे. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी फीडबॅक लूपमधला डिले शिकवताना सांगितलं होतं ना, की डिले वाढला की जो फीडबॅक सिस्टिम स्थिर करायला हवा तोच तिला अस्थिर करतो? मला पेपरात त्या प्रश्नाला चांगले मार्क आहेत!

मग मी जरा वाचायला बसलो. हे शास्त्र जुनं आहे. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ साली भुकेल्या मांजरांना लाकडी पेटीत ठेवलं. कडी किंवा दोरी ओढली की दार उघडायचं आणि बाहेर मासा. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, धडपडायचं, चुकून कडी उघडायची. पुन्हा ठेवलं की धडपड थोडी कमी. त्याने वेळ मोजून आलेख काढले, आणि नियम मांडला: ज्या कृतीनंतर चांगलं घडतं ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. पुढे स्किनरने यावर सगळी इमारत बांधली. त्याने चार घरांचा एक तक्ता दिला, त्यात आपल्यासारख्यांचा हमखास गोंधळ होतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं आणि 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट असं तिथे नाही. ते आपलं साधं अधिक-उणे आहे. काहीतरी दिलं की अधिक, काहीतरी काढून घेतलं की उणे. कृती वाढली तर ते बक्षीस, कमी झाली तर शिक्षा. म्हणजे भाकरी देणं हे अधिक-बक्षीस. गळ्याची ओढलेली साखळी कुत्रं शेजारी आल्यावर सैल सोडणं हे उणे-बक्षीस. चप्पल ही अधिक-शिक्षा. आणि कुत्रं अंगावर उड्या मारायला लागलं की पाठ फिरवून निघून जाणं ही उणे-शिक्षा. तुम्ही काय देताय याला महत्त्व नाही. त्यानंतर कृती वाढली की घटली, ते बघायचं. माझ्या मते मी खंड्याच्या पळण्याला शिक्षा देत होतो. आकडे म्हणत होते की मी त्याच्या येण्याला देतोय.

आता डिलेचा प्रश्न बक्षिसालाही आहेच. खंड्या चाळीस फुटांवर माझ्या हाकेला वळला. मला नेमकं ते वळणं हवंय. पण मी खिशात हात घालून, पुडी सोडून, तुकडा काढेपर्यंत तो पोचलेला असतो, बसलेला असतो, कान खाजवत असतो. तुकडा मिळतो कान खाजवल्याबद्दल. यावर तोडगा स्किनरच्याच दोन विद्यार्थ्यांनी, केलर आणि मेरियन ब्रेलंड या नवरा-बायकोने काढला. १९४७ मध्ये त्यांनी जनावरं शिकवण्याची कंपनीच काढली. तोडगा असा की आधी एक छोटा आवाज आणि खाणं यांची जोडी लावायची. आवाज, लगेच तुकडा. आवाज, लगेच तुकडा. पाव्हलॉव्हचं कुत्रं आठवा. पन्नासेक वेळा झालं की तो आवाजच कुत्र्याला 'मिळालं!' असा वाटतो. मग तो आवाज तुम्ही चाळीस फुटांवरून, नेमक्या क्षणी देऊ शकता. तुकडा दोन-चार सेकंदांनी पोचला तरी चालतं, पावती फाडून झालेली असते. डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी हेच शिट्टीने केलं, कारण पाण्यात पोहणाऱ्या माशाच्या... सॉरी, सस्तन प्राण्याच्या तोंडात उडी मारतानाच बांगडा कसा घालणार? हवाईला डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर या बाईंनी १९८४ साली यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे ही पद्धत कुत्र्यांच्या जगात पसरली. तिथे 'क्लिकर' नावाची टकटक करणारी डबी मिळते.

माझ्याकडे डबी नव्हती. मी सबमिशनचं बटणवालं बॉलपेन वापरलं. घरात मस्त चाललं, बाहेर वाऱ्यात खंड्याला ऐकूच जाईना. मग मी जिभेने टाळ्याला 'टॉक्' असा आवाज काढायला लागलो. हा तर फारच छान आवाज, कुठेही बरोबर असतो! अडचण एवढीच झाली की शेजारच्या काकांचा बैल त्याच आवाजावर चालायला शिकलेला. मी खंड्याला 'टॉक्' केलं की गोठ्यात सर्जा दावं ताणून दोन पावलं पुढे. काका म्हणाले, "तू कुत्रं शिकवतुयास का माजा बैल बिघडवतुयास?" तेव्हा तोही बंद. शेवटी एक शब्द निवडला, आबांच्याच तोंडातला. 'बेस!' आखूड आहे, रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही, आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या तोंडाला तो शोभत नाही म्हणून आज्जी प्रत्येक वेळी हसते.

तसं बघितलं तर आपल्या भाषेत कुत्र्यासाठी पूर्ण सिग्नल सेट आहे. 'यू यू यू' म्हणजे ये. 'छू' म्हणजे जा, धर. 'हाड' म्हणजे हो बाजूला. मला फक्त 'बरोबर, तेच!' हा एक सिग्नल सापडला नाही. माणसांसाठीही आपण तो जरा जपूनच वापरतो. व्हायवामध्ये 'हाड' किती वेळा मिळतं आणि 'बेस' किती वेळा, ते तुम्हीच आठवा.

खंड्याची जुनी हाक मात्र मला सोडून द्यावी लागली. 'खंड्याऽऽ' या शब्दाला माझ्या चपलेचा वास लागला होता. असा एकदा बिघडलेला शब्द दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं सोपं पडतं. मी एनसीसीची शिट्टी घेतली. पहिले तीन दिवस शिट्टी वाजली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, तोही अगदी जवळ, ओसरीवरच. मग अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला. मग गोठ्यापासून. मग लांब दोरी बांधून बांधावरून. दोरी ओढायची नाही, पण तो उसात शिरू शकणार नाही एवढी तिची लांबी. दोरीची कल्पना आबांची. "चुकायला जागाच नगं ठिवू," म्हणाले. पुस्तकातही पुढे हेच सापडलं, फक्त तिथे तीन पानं लागली होती.

वाटेत एक मजा झाली. बाराव्या-तेराव्या दिवशी खंड्याने माझा सगळा डाव उलटवला. तो उगाच उठून अंगणाच्या टोकाला जायचा, मागे वळून माझ्याकडे बघायचा आणि थांबायचा. शिट्टी वाजली की सुसाट परत. अंडं खायचा, पुन्हा टोकाला! त्याने हिशोब लावला होता: अंडं हवं तर आधी लांब जायला पाहिजे. मी त्याला यायला शिकवतोय असं मला वाटत होतं आणि तो मला शिट्टी वाजवायला शिकवत होता.

कॉम्प्युटरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. मशीन लर्निंगमध्ये जी रिइन्फोर्समेंट लर्निंगची शाखा आहे, तिचा पायाच हा आहे. प्रोग्रॅमला काय करायचं ते सांगायचं नाही, फक्त रिवॉर्ड सिग्नल द्यायचा. या शाखेचा पाया घालणारे अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. त्यांच्याकडेही हीच डोकेदुखी असते. तुम्ही मनात धरलेलं ध्येय प्रोग्रॅमला दिसत नाही, त्याला दिसतो फक्त आकडा, आणि आकडा वाढवायचा जो सगळ्यात सोपा रस्ता असेल तो तो शोधतो. खंड्याने तो अंड्यासाठी शोधला. आणखी गंमत म्हणजे हे गणित मेंदूतही सापडलंय. वोल्फ्राम शुल्त्झ याने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी मोजल्या. आधी फळाचा रस मिळाला की पेशी उसळायच्या. शिकून झाल्यावर त्या रस मिळताना गप्प, आणि रसाची सूचना देणारा दिवा लागला की उसळायच्या. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर नेमक्या त्या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली जायचा. शुल्त्झ, डायन आणि माँटेग्यू यांचा १९९७ चा पेपर म्हणतो की या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातला फरक मोजतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर सिग्नल. खंड्याच्या कानात शिट्टी वाजते तेव्हा अंडं मिळून गेलेलं असतं, असं मी समजतो.

मग मी हिशोब बदलला. तो माझ्याजवळ नुसता बसून राहिला तरी मधूनच 'बेस' आणि तुकडा. शिट्टी वाजवायची ती त्याचं लक्ष दुसरीकडे असताना, कधीही. आणि तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक वेळी अंडं नाही. कधी अंडं, कधी भाकरीचा कोर, कधी नुसती पाठ थोपटायची, कधी एकदम सुकटाची मूठ. यामागेही स्किनरची एक गोष्ट आहे. उंदरांना देण्याच्या गोळ्या तो हाताने बनवायचा. एका शनिवारी लक्षात आलं की गोळ्या सोमवारपर्यंत पुरणार नाहीत. म्हणून त्याने प्रत्येक वेळी गोळी देणं बंद केलं, आणि उंदीर तरीही दांडी दाबत राहिले! त्यातून कळलं की कधीतरी मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. आमच्या घरीही कोंबड्या अंड्यावर बसल्यामुळेच हा बदल झाला, शास्त्र नंतर वाचलं.

आता मेसकडे या. मॅगीला रोज सगळे चपाती देतात का? नाही. दहा जण 'हाड' करतात, अकरावा अर्धी पोळी टाकतो. कधी तिसराच टाकतो. कधी रविवारी कोंबडीचं हाड मिळतं. म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून, न ठरवता, सगळ्यात चिवट सवय लावणारं वेळापत्रक तिच्यासाठी चालवलंय. कागद लागल्यावर चार दिवस सगळ्यांनी बंद केलं तेव्हा ती जास्त भुंकायला लागली, आठवतंय? तेही पुस्तकात आहे. मिळणं थांबलं की सवय विझायच्या आधी एकदा भडकते. नेमक्या त्या पाचव्या दिवशी कुणीतरी (फर्स्ट इयर, बी विंग, नाव घेत नाही) कंटाळून पोळी टाकली. म्हणजे तिला शिकवलं काय? की जोरात आणि चार दिवस भुंकावं लागतं.

आता 'हाड'ची बाजू. मी बक्षिसाचा भक्त झालोय असं समजू नका. आबांचं आणि माझं या विषयावर अजून भांडण आहे. पूर्वी पोलीस आणि लष्करी कुत्र्यांचं प्रशिक्षण बरंचसं जबरदस्तीवरच चालायचं. जर्मनीतले पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचं १९१० चं पुस्तक कित्येक वर्षं वापरात होतं. त्यात झटका होता, चाबूक होता. वेळेचं महत्त्व मात्र त्यांनाही पक्कं माहीत होतं. कुत्री त्या पद्धतीनेही शिकली, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे की काय काय शिकली.

एक साधं गणित करून बघा. समजा या क्षणी कुत्रं दहा गोष्टी करू शकतं, सगळ्यांची शक्यता सारखी, आणि तुम्हाला त्यातली एक हवी आहे. त्याने चुकीची केली, तुम्ही 'हाड' म्हणालात. दहातली एक बाद, नऊ शिल्लक. माहिती मिळाली साधारण ०.१५ बिट. त्याने बरोबर केली आणि तुम्ही 'बेस' म्हणालात, तर माहिती ३.३ बिट. एका 'बेस'मध्ये बावीस 'हाड' बसतात! शिवाय 'हाड' एकटं येत नाही, सोबत भीती घेऊन येतं, आणि ती भीती कशाला चिकटेल ते तुमच्या हातात नाही. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. झटके, ओरडा अशा पद्धतीने शिकवणाऱ्या वर्गांतली कुत्री शिकताना जास्त ताणाची लक्षणं दाखवत होती, ओठ चाटणं, जांभया, धापा. लाळेतलं कॉर्टिसॉलही वर्गानंतर जास्त वाढलेलं होतं. वेल्समध्ये तर विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे.

शिक्षेचं आणखी एक वैशिष्ट्य मला स्वतःच्या अनुभवावरून माहीत आहे. आमच्या शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. त्याने आम्ही काय शिकलो? सिस्टर दिसल्या की गप्प व्हायला. जिन्याखाली, बसमध्ये, टॉयलेटच्या मागे अखंड मराठी चालायचं, आणि दंडामुळे त्याची गोडी उलट वाढलेली. इंग्लिश मी शिकलो ते लायब्ररीच्या तासाला, जिथे एक मॅडम आम्ही पुस्तकातलं काही सांगायला लागलो की हातातलं काम ठेवून ऐकायच्या. खंड्याही मी समोर असताना उसात जायचा नाही. मी घरात गेलो की जायचा.

आबा म्हणतात, "सापाजवळ गेला तर काय अंडं दावणार?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी म्हटलं, तेव्हा शिट्टी वाजवणार, पण शिट्टी आधीच पक्की झालेली पाहिजे. ते म्हणाले, पक्की व्हायच्या आधी साप आला तर? तेव्हा मीही 'हाड' ओरडेन, दगडही मारेन. पण ते शिकवणं नाही, ते वाचवणं. दोन्ही वेगळं आहे एवढं आम्ही दोघांनी मान्य केलंय. आणि चप्पल घरात सोडून द्यायची, हेही.

ज्यांना वाटतं की अंडी-बॉल हे लाडाचं, घरगुती प्रकरण आहे, त्यांनी श्वानपथकाकडे बघावं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यानंतर न फुटलेली स्फोटकं शोधण्यात 'जंजीर' नावाचा लॅब्राडॉर होता. पुण्याला शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात शिकलेला, डिसेंबर १९९२ मध्येच मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात आलेला, म्हणजे नोकरीला तीन महिनेही झाले नव्हते. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब आहेत. १६ नोव्हेंबर २००० ला तो हाडाच्या कॅन्सरने गेला. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. अशा कुत्र्याला आरडीएक्स म्हणजे काय हे माहीत नसतं. देश, शत्रू, काही नाही. त्याच्यासाठी तो वास म्हणजे 'आता खेळणं मिळणार'. आणि सापडल्यावर त्याने उकरायचं नसतं, गप बसून राहायचं असतं. बॉम्बच्या शेजारी उत्साहाने पंजे मारणारं कुत्रं कुणाला हवंय? हा गपपणा मारून येत नाही.

पण तिथेही बक्षीस चुकीच्या जागी पडलं तर भानगड होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वास शोधणारी कुत्री आणि त्यांचे हस्तक अशा १८ जोड्या घेतल्या. खोल्यांमध्ये कुठेही वास ठेवलाच नव्हता. हस्तकांना मात्र आत माल आहे, आणि काही ठिकाणी लाल कागद लावलाय तिथे आहे, असं सांगितलं होतं. बहुतेक फेऱ्यांमध्ये 'कुत्र्याने दाखवलं' अशी नोंद झाली, सगळ्यात जास्त लाल कागदाजवळ! कुत्रं वास शोधत होतं की मालकाचा चेहरा वाचत होतं, किंवा मालकालाच ते दिसत होतं, हे वेगळं काढणं अवघड. खंड्याही माझ्या खिशाकडे बघून ठरवायचा की शिट्टीला किती पळायचं. म्हणून मी खिसा रिकामा ठेवून अंडं आधीच तुळशीवृंदावनामागे झाकून ठेवायला लागलो. (आज्जीला अजून माहीत नाही.)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट सांगून थांबतो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, सहा-साडेसहा झाले असतील. अंधार पडत होता. खंड्या ओसरीवरून उठला आणि एकदम ओढ्याकडे भुंकत सुटला, अंगावरचे केस उभे. तसा तो माकडांवर भुंकत नाही. उसाच्या कडेला पोचला तेव्हा आमच्यात शंभर-सव्वाशे फूट अंतर असेल. आज्जी आतून धावत आली आणि "मोत्याऽ" अशी हाक मारली. मोत्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. मी शिट्टी वाजवली. खरं सांगतो, पहिल्यांदा फुंकलं ती वाजलीच नाही, तोंड कोरडं पडलं होतं. दुसऱ्यांदा वाजली.

खंड्या थांबला. उसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं गेला. आणि मग तो वळला. त्या वळण्यावर मी "बेस!" असा ओरडलो की शेजारच्या घरातले लोक बाहेर आले. तो आला, आणि माझ्याकडे त्या वेळी अंडं नव्हतं. आज्जीने चुलीवरच्या कालवणातलं अख्खं मटण काढून त्याच्यापुढे ठेवलं. आबांनी त्याला आत घेऊन दार लावलं. उसात काय होतं ते आम्ही पाहिलं नाही. सकाळी ओढ्याच्या चिखलात ठसे होते, तळहाताएवढे, नखांचे ओरखडे नसलेले. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या नखं आत घेऊन चालतो, हे आबांनी मला दाखवलं.

तेव्हापासून शिट्टी आबांकडे आहे. दात नसल्यामुळे त्यांना ती नीट वाजवता येत नाही, अर्धी हवा बाजूने जाते, पण खंड्या त्या फुसक्या आवाजालाही येतो. परवा त्यांचा फोन आला होता. शिट्टीतला दाणा अडकलाय, नवीन आण म्हणाले. आणि अंडी सात रुपयाला झालीत, तर सुकट चालंल का, असंही विचारत होते. मी म्हटलं चालेल, पण रोज देऊ नका.